28 मिलिमीटरची फौज

(दृश्य: भिंगाखाली एक चेहरा. ब्रशचं टोक हळूहळू जवळ येतंय.)

ज्वारीच्या दाण्याएवढा चेहरा आहे हा, टेबलावरच्या युद्धखेळातल्या एका बाहुल्याचा. कपाळ झालंय, नाक झालंय, मिशी झालीय. आता डोळे.

आधी खोबणीत गडद तपकिरी रंग भरायचा. त्यावर मळकट पांढरी आडवी रेघ. शुभ्र पांढरा चालत नाही, त्याने शिपाई घाबरल्यासारखा दिसतो. मग मधोमध काळा ठिपका. तो केसभर सरकला तरी माणूस तिरळा. शेवटी त्वचेचा रंग वरून आणि खालून परत फिरवायचा, की पापण्या उमटतात. पाहणाऱ्याला वाटतं, याला दोन-तीन केसांचाच ब्रश लागत असणार. तसा ब्रश रंग धरत नाही, चेहऱ्यापाशी पोचेपर्यंत वाळून जातो. हे बाहुले रंगवणाऱ्या ताईंच्या हातातला ब्रश शून्य नंबरचा आहे: पोटात रंग राहील एवढा जाड, आणि टोक सुईसारखं.

श्वास अर्ध्यावर धरलेला, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकलेली, दोन्ही करंगळ्या एकमेकींना लावलेल्या. पाहा.

(दृश्य: गच्ची, समोर अजिंक्यतारा. मग आतली खोली, काचेचं कपाट.)

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतलं हे घर. वडील गणपती करायचे. श्रावण लागला की अंगणात मूर्ती, ओसरीवर मूर्ती, झोपायला जागा नाही. रंगकाम सगळे करत, पण डोळ्यांची आखणी ताईंकडे. शाळेत असल्यापासून. "गणपतीने बघितलं पाहिजे आपल्याकडे," एवढंच वडील सांगायचे, बाकी शिकवणं काही नाही. आखणीचा हात असा तयार झाला आणि आज तोच हात या कपाटात उतरलाय. म्हणून आम्ही या कामाला छंद म्हणत असलो, तरी त्याच्यामागे एका घराण्याची कारागिरी आहे, हे आधी सांगायला हवं.

ताईंची अट होती, नाव नको, काम दाखवा. म्हणून या फिल्मभर त्या ताईच. धाकटा भाऊही तेच म्हणतो. तो एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो, आणि शिफ्ट संपली की घरातलं मशीन.

कपाटात वरच्या कप्प्यात मावळे. त्याखाली गारदी आणि तेलंगे हे बंदुकवाले पायदळ, उंटांवरून छोट्या तोफा डागणारे जंबुरके, इंग्रजांचे लाल डगलेवाले. सगळ्यांत खाली अंतराळातले निळे चिलखतधारी. तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण 28 मिलिमीटर, जगभर टेबलावरच्या युद्धखेळांत हेच माप सर्वांत जास्त चालतं. हे बाहुले कपाटात ठेवायला केलेले नसतात. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर टेपने इंच मोजून ते पुढे सरकतात, फासे पडतात, पथकं टिकतात किंवा उधळतात. प्रशियाच्या फौजेत 1824 पासून अधिकाऱ्यांना असले खेळ शिकवले जायचे. 1987 मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने वॉरहॅमर 40,000 हा अंतराळातल्या युद्धाचा खेळ काढला आणि रंगवलेल्या फौजांचा बाजार जगभर पसरला.

(दृश्य: प्रिंटर. पिवळ्या झाकणाआडून पत्रा वर येतोय.)

हे भावाचं मशीन, थ्रीडी प्रिंटर. भांड्यात पातळ रेझिन, तळाशी स्क्रीन, वरून रेझिनमध्ये उतरणारा पत्रा. स्क्रीनमधून अतिनील प्रकाश जेवढ्या जागी पडतो तेवढं रेझिन घट्ट होतं. एक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा. थर झाला की पत्रा किंचित वर, पुन्हा खाली, पुन्हा प्रकाश. असे सहाशे-सातशे थर, आणि शिपाई उलटा लटकत बाहेर येतो. आधी पाय, शेवटी पागोटं.

डिसेंबरात साताऱ्यात रात्री चांगलीच थंडी असते. रेझिन दाट होतं, थर एकमेकांना धरत नाहीत, सकाळी भांड्याच्या तळाशी नुसता गोळा सापडतो. म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात बसते. हे पातेलं स्वयंपाकघरातलं नाही, त्यावर ताईंनी लाल रंगाने फुली मारून ठेवलीय. हातमोजे काढायचे नाहीत, कारण कच्चं रेझिन कातडीला वाईट. छापून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणं, आधाराच्या काड्या कटरने तोडणं, आणि गच्चीवर ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी राहिलेला कच्चेपणा जातो. पुसलेले कागदसुद्धा उन्हात कडक करूनच टाकायचे, ही भावाची शिस्त.

मशीन घ्यायला कारण झालं. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. वर कुरिअर. बाहेरून पेटी मागवून, रंगवून, परवडेल अशा किमतीत विकायची कशी? त्यापेक्षा शिल्पकाराकडून बाहुल्याची संगणकावरची फाइल घ्यायची, छापून विकण्याचा परवाना वेगळा घ्यायचा आणि इथंच छापायचं. परवान्याचे पैसे ताई चुकवत नाहीत. दुसऱ्याचं कोरीवकाम फुकट वापरणं त्यांच्या घरात बसत नाही.

(दृश्य: गच्चीच्या कोपऱ्यात खोका, त्यात फळीवर चिकटवलेले शिपाई. स्प्रे.)

अस्तर. पहिला हात काळा, सगळ्या बाजूंनी. वाळला की पांढरा स्प्रे, पण फक्त वरून. खांदे, पागोटं, ढालीचा उंचवटा उजळतो, काखा आणि अंगरख्याच्या चुण्या काळ्या राहतात. ऊन कुठून येतंय हे इथंच ठरलं. पुढचा प्रत्येक रंग या ठरलेल्या उन्हाला धरून लागतो.

जून ते सप्टेंबर स्प्रेचे डबे कपाटात बंद. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. हवेत ओल असली की अस्तर खरखरीत बसतं, आणि सगळं झाल्यावर मारायचं मॅट वार्निश पांढरं पडतं. महिन्याची मेहनत एका फवाऱ्यात जाऊ शकते. म्हणून पावसाळ्यात अस्तरापासून वार्निशपर्यंत सगळं ब्रशने. उन्हाळ्यात उलटा त्रास, अॅक्रिलिक रंग पॅलेटवरच सुकतो. त्यावर उपाय हा: चपटा डबा, तळाशी ओला स्पंज, वर बटर पेपर. पेपरवरचा रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

(दृश्य: पॅलेटवर रंग मिसळताना, जवळून.)

आता इथं जरा थांबू. ही बाटली बघा. परदेशी सेटमध्ये त्वचेचा रंग म्हणून येते. गुलाबी. हा रंग लावलेला मावळा आम्ही इंटरनेटवर कितीतरी पाहिला: हातात पट्टा, पाठीला ढाल, आणि कातडी थंड देशातली. ताईंच्या टेबलावर ही बाटली उघडतच नाही. तपकिरीत ऑकर म्हणजे मातकट पिवळा, नखाएवढा लाल. सावलीसाठी त्यातच थोडा निळा. उजेडासाठी पांढरा घातला तर चेहरा राखट होतो, म्हणून पिवळसर हस्तिदंती. तेही नाक, गालाचं हाड आणि मुठीची बोटं एवढ्यापुरतं. एका पथकातले सगळे एका वर्णाचे नसतात, म्हणून तीन मिश्रणं. घाटावर उन्हापावसात हिंडलेला माणूस जसा दिसतो तसा तो दिसायला हवा. आपला शिपाई आपल्या रंगात रंगवायला आपलंच माणूस बसलंय, यासाठी तरी ही फिल्म करावी असं आम्हाला वाटलं.

त्वचेवर पातळ गडद रंगाचा एक हात फिरतो. तो आपोआप खोलात जाऊन बसतो: बोटांच्या फटीत, मिशीखाली, पागोट्याच्या पिळांत. पांढरा अंगरखा पांढऱ्याने रंगवत नाहीत. आधी मातकट, मग फिकट, मग आणखी फिकट, आणि शुभ्र फक्त चुणीच्या माथ्यावर. ढालीच्या पितळी फुल्यांना प्रत्येकी एक पिवळा ठिपका आणि त्याच्या कडेला एक पांढरा. चार फुल्या, आठ ठिपके. पाहा, एकही ओघळ नाही.

(दृश्य: सुईच्या टोकाने पुट्टी लावताना.)

हे काय चाललंय? जाम्याची, म्हणजे बाजूला बांधायच्या लांब अंगरख्याची, गाठ बदलणं. मुघल काळापासूनची चाल अशी, की हिंदू जामा डाव्या बाजूला बांधत, मुसलमान उजव्या. जुन्या लघुचित्रांत हे स्पष्ट दिसतं. परदेशी शिल्पकार मात्र सगळ्यांच्या गाठी एकाच बाजूला घालून मोकळे होतात. ताई चुकीच्या बाजूची गाठ खरवडतात आणि एपॉक्सी पुट्टीने दुसऱ्या बाजूला नवी बसवतात. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला इब्राहिमखान गारद्याची पलटण मराठ्यांच्या बाजूने लढली. म्हणून गारद्यांत उजव्या गाठी दिसायलाच हव्यात. खेळणाऱ्याला त्या दिसतील का, असं आम्ही विचारलं.

"त्याला नाही दिसली तरी मला दिसते ना," ताई म्हणाल्या. "आणि आता तुम्हालाही दिसेल. दरवेळी."

(दृश्य: औंधची टेकडी, यमाईचं देऊळ.)

कपड्यांचा संदर्भ शोधायला ताई औंधला जातात. खटाव तालुक्यातल्या या गावात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये भवानी म्युझियम उभं केलं. रविवर्म्याची तैलचित्रं पाहायला लोक येतात. ताई लघुचित्रांपुढे उभ्या राहतात, वहीत पागोटी काढतात. शेला कमरेला किती वेढे घेतो, तलवारीचा पट्टा खांद्यावरून कसा येतो, जोड्याचं टोक कुठे वळतं. या वहीची पानं आम्ही मुद्दाम सावकाश उलटलीत.

(दृश्य: मोठं टेबल, हिरवं कापड, निळ्या पट्ट्यांच्या दोन नद्या.)

असईची लढाई. 23 सप्टेंबर 1803. आजचा जालना जिल्हा. या दोन नद्या केळणा आणि जुई, आणि मधल्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज. कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, पुढे, त्यांच्या तोफा जवळपास शंभर. टेबलावर एक तोफ खऱ्या अनेक तोफांच्या जागी उभी असते. पलीकडून इंग्रजांचा सेनापती वेलस्ली नदी उतरतोय. त्या बाजूचे लाल डगलेही ताईंनीच रंगवले, तेवढ्याच मायेने. खेळायला आलेले दोघं पुण्याचे, एक साताऱ्यातला.

"दादा, कंपू वळवायला अर्धी चाल जाते हं," भाऊ सांगतो.

"जाऊ दे. तोफा कुठे वळवायच्यात मला?"

फासे पडतात. पहिल्या तासाभरात तोफांपुढची लाल रांग विरळ होते, ते तुम्ही पाहताय. खऱ्या लढाईतही त्या तोफांनी इंग्रजांच्या रांगा कापल्या होत्या, शेवटी मैदान मात्र वेलस्लीच्या हाती गेलं. टेबलावरचा डाव रात्री उशिरापर्यंत चालला. तोवर आमची बॅटरी संपली होती.

(दृश्य: खोक्यात फोम कापून बाहुले भरताना.)

पैशांचं थोडक्यात. घराला हातभार लागतो तो जास्त करून खालच्या कप्प्यातल्या निळ्या चिलखतांमुळे. वॉरहॅमर 40,000 च्या 2020 मधल्या नवव्या आवृत्तीत, पूर्ण रंगवलेली फौज आणणाऱ्याला शंभरातले दहा गुण रंगाचेच मिळू लागले. खेळायचं आहे पण रंगवायला वेळ नाही, अशांच्या ऑर्डरी मुंबई-पुणे-बंगळूरहून येतात. दर कामाच्या पातळीवर: टेबलावर लांबून बरा दिसेल तो स्वस्त, भिंगाखाली बघण्यासारखा महाग. ताशी हिशोब केला तर कारागिराच्या हाती फार उरत नाही. मान आखडते, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय.

(दृश्य: गल्लीत विटा, माती, पोती. मुलं किल्ला रचतायत.)

दिवाळी तोंडावर आहे. गल्लीतल्या मुलांचा किल्ला यंदा प्रतापगड आहे. किल्ल्यावरची चित्रं दरवर्षी बाजारातून येतात: मातीचा नाहीतर प्लास्टरचा मावळा, गवळण, सिंहासनावर महाराज. यंदा ताईंनी मूठभर मावळे मुलांच्या हातावर ठेवले. नीट आखणी केलेले, डाव्या गाठीचे.

मुलांनी ते बुरुजावर मांडले. मागे सरकून पाहिलं.

"काकू, हे दिसतच नाहीत इथून!"

"महाराजांच्या पायाएवढे आहेत नुसते."

तक्रार खरी आहे. बाजारातल्या चित्रांपुढे 28 मिलिमीटर कुठेच लागत नाही. त्या रात्री भावाने फाइल मोठी केली, 54 मिलिमीटरवर. मशीनच्या पत्र्यावर आता एका वेळी आठच मावतात, आणि वसुबारसेपर्यंत सगळ्या बुरुजांना पुरतील एवढे हवेत, म्हणून मशीन रात्रपाळीत. रंग मुलांनीच लावायचे, असं ठरलंय. ताईंनी त्यांच्यासाठी त्वचेची तिन्ही मिश्रणं करून, झाकणावर एक, दोन, तीन लिहून ठेवलीत. डोळ्यांसाठी मात्र प्रत्येकाने आपला मावळा घेऊन संध्याकाळी वर यायचंय, एकेकाने.