टाच दुखते म्हणजे हाड वाढलं, असं नाही

मघाशी चहाच्या वेळी एक ताई एक्स-रेचं पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. "टाचेचं हाड वाढलंय, आता ऑपरेशनच करावं लागेल का?" हे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणून आजच्या बोलण्याचा ठरवलेला क्रम सोडून तिथूनच सुरुवात करते.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो. पावलाची कमान तोच तोलून धरतो. हा पट्टा टाचेला जिथे चिकटतो, तिथलं दुखणं म्हणजे प्लांटर फॅसायटिस. एक्स-रेत दिसणारं ते हाडाचं टोक अजिबात न दुखणाऱ्या टाचांमध्येही पुष्कळदा असतं. ताई, त्या टोकाला घाबरू नका.

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि पट्टा आखडतो. सकाळी उठून त्यावर एकदम सगळं वजन टाकलं, की जीव जाईल अशी कळ येते. चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं, म्हणून आपण कामाला लागतो. मग दिवसभर ओट्याशी उभं राहायचं, तेही अनवाणी, कडक फरशीवर. संध्याकाळी पुन्हा ठणका.

तेव्हा जमिनीला पाय लावायच्या आधी, अंथरुणातच एक करा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. पोटऱ्याही ताणा, कारण पोटरी आखडलेली असली की टाचेवर ओढ येते.

थोडं सोसवायला लागलं की पायरीच्या कडेवर, कठडा धरून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश उचला. हा व्यायाम एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात ३ महिन्यांनी पट्टा नुसता ताणण्यापेक्षा याने जास्त आराम पडला होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे हा जमला नाही, तरी बरं होण्याची वाट बंद होत नाही.

स्वयंपाकघरात चप्पल पुष्कळ घरांत चालत नाही, मला माहीत आहे. माझ्या आईलाही ते पटायला वेळ लागला. शेवटी घरातल्यासाठी वेगळी, धुतलेली जोडी ठेवली: टाचेखाली मऊ, कमानीला आधार देणारी. झिजलेली सपाट स्लीपर काही कामाची नाही.

टाचेत घेतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेची गादी पातळ होण्याचा धोका असतो. बहुतेकींचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय जातं. त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतात, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

मात्र पाय बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, पडल्या पडल्याही टाच ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी बर्फ आणि गरम पाण्याचे शेक विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चटका बसलेला कळत नाही.

आता चपला काढा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या. ताई, तुम्हीही. बोटं ओढा... एक, दोन, तीन...