थोरांचे गणित, त्यांच्याच हातचे

नमस्कार श्रोतेहो.

थोर गणितज्ञांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. छोट्या गाउसने 1 ते 100 ची बेरीज चुटकीसरशी केली, रामानुजनांना टॅक्सीच्या 1729 या नंबरातही गंमत दिसली. गोष्टी छानच आहेत. पण त्या ऐकून गणित येत नाही. उलट 'ही माणसं वेगळ्याच मातीची' असं म्हणून मुलं वही मिटतात. म्हणून आज मी त्यांच्या चरित्रांबद्दल बोलणार नाही. त्यांनी गणित कसं केलं, ते त्यांच्याच लेखनात वाचावं, एवढंच मला सांगायचं आहे.

शक्य असेल तर कागद-पेन्सिल घ्या. 2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात काढा आणि प्रत्येकात 1 मिळवा. उत्तरं येतात 3, 5, 17, 257 आणि 65537. पाचही मूळ संख्या. सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा असा विश्वास होता की घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळ संख्याच मिळतील. पुढची संख्या बत्तिसाव्या घाताची, 4294967297. स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी 1732 मध्ये दाखवलं की हिला 641 ने भाग जातो.

पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं, आणि वाचणारा थक्क होतो. 641 सुचला कसा? ऑयलर यांनी पुढे एका लेखात ते उलगडून सांगितलं आहे. या संख्येला जो मूळ विभाजक असेल, त्याला 64 ने भागल्यावर बाकी 1 उरलीच पाहिजे, हे त्यांनी आधी सिद्ध केलं. मग 64 च्या पटीत 1 मिळवून येणाऱ्या संख्यांतल्या फक्त मूळ संख्या तपासायच्या: 193, 257, 449, 577, 641. पाचव्या भागाकारात काम झालं! आणि मौज अशी की या सिद्धतेची वाट फर्मांच्याच एका प्रमेयावरून जाते. हत्यार त्यांच्या घरात होतं, इथे चालवलं दुसऱ्याने. आता थक्क व्हायचं कारण बदलतं. जादू उरत नाही, विचार दिसतो. आणि तो विचार आपल्यालाही पेलेल असं वाटू लागतं.

पुस्तकांचा दोष नाही, त्यांना पक्कं बांधकाम द्यायचं असतं. पण त्यात घडण्याचा क्रम उलटतो. कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, आपण आधी सीमा (लिमिट) शिकतो, मग अवकलन (डिफरन्सिएशन), मग संकलन (इंटिग्रेशन). इतिहासात आर्किमिडीज यांनी क्षेत्रफळं काढली ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. न्यूटन आणि लायबनिट्स सतराव्या शतकातले. सीमेची काटेकोर मांडणी तर कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात झाली. सीमेची व्याख्या पहिल्या दिवशी डोक्यावरून गेली म्हणून खजील होणाऱ्या विद्यार्थ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

आपल्या भास्कराचार्यांचंही असंच. नावाचा अभिमान सांगणं सोपं आहे. त्यांचं 61 चं गणित शेवटपर्यंत सोडवून पाहणारे थोडे. प्रश्न असा: कोणत्या धन पूर्णांकाच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला की पूर्ण वर्ग येतो? सुरुवात साधी आहे. 8 चा वर्ग 64, म्हणजे 61 पेक्षा 3 ने जास्त. चक्रवाल ही अशी उत्तरं पायरीपायरीने शोधायची पद्धत. तिची एक पायरी चढलं की 39 आणि 5 मिळतात: 39 चा वर्ग 1521, 5 च्या वर्गाची 61 पट 1525, फरक 4. इथून पुढची झेप भास्कराचार्य घेतात ती ब्रह्मगुप्तांच्या भावना-नियमाने, म्हणजे हातातल्या जोड्या एकत्र करून नवी जोडी मिळवायच्या, त्यांच्याही पाचशे वर्षं आधीच्या रीतीने. तेही पूर्वसूरींना वाचतच होते. सर्वात लहान उत्तर आहे 226153980. हाच 61 चा प्रश्न फर्मांनी 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला होता.

नॉर्वेचे गणितज्ञ आबेल अवघ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मोठं काम करून गेले. त्यांचं मत होतं की पुढे जायचं तर गुरूंना वाचा, शिष्यांना नाही. मी मात्र एक पुस्ती जोडेन: सगळेच गुरू वाचकाला हात देत नाहीत. गाउस शिजलेलंच वाढतात, चूल दाखवत नाहीत. न्यूटन यांची जुनी भूमितीची भाषा आज जड जाते. तिथे टीपांसह असलेली आवृत्तीच घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

सुरुवात करणाऱ्याने ऑयलर यांचं बीजगणित उघडावं. ते 1770 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालं. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना त्यांनी ते एका तरुण मदतनिसाला तोंडी सांगून लिहून घेतलं. तो मुळात शिंपीकाम शिकलेला होता, आणि लिहिता लिहिता बीजगणित शिकला, असं प्रस्तावनेतच म्हटलं आहे. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांपासूनच सुरू होतं.

नमस्कार.