हाक शेजाऱ्यापुरतीच

मंडळी, राउटिंगची अपडेट्स, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणारे राउटर एकमेकांना कळवतात त्या वाटा, शेजारच्या राउटरपुरतीच का असतात, हा आजचा विषय. आधी "राउटर आपलं वाटांचं टेबल साऱ्या नेटवर्कला ओरडून सांगतो" हे वाक्य डोक्यातून पुसून टाका. ही दवंडी नाही, भिंतीपलीकडे मारलेली हाक आहे. वाटा कळवायच्या प्रोटोकॉलांपैकी रिप व्हर्जन २ दर ३० सेकंदांनी २२४.०.०.९ या पत्त्यावर टेबल पाठवतो, ओएसपीएफ २२४.०.०.५ वर हॅलो, म्हणजे 'मी आहे' अशी हाक, टाकतो. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या पट्ट्यातलं पॅकेट कुठलाही राउटर पुढे ढकलत नाही, टीटीएल, म्हणजे पॅकेटला अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा, कितीही असो. पुढे जाते ती माहिती. रिपमध्ये कानगोष्टींसारखी, प्रत्येक जण अंतरात एक मिळवून आपल्या तोंडाने सांगतो. ओएसपीएफमध्ये मूळ चिठ्ठी तशीच हातोहात जाते, पण प्रत्येक टप्प्यावर नव्या पॅकेटात.

बीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमधला राउटिंग प्रोटोकॉल, त्याला हा पट्टा नाही. तो टीसीपीच्या १७९ पोर्टवर बोलतो आणि बाहेरच्या शेजाऱ्याला टीटीएल १ ने पॅकेट पाठवतो. "मग लांबचा कोणी शिरणार कसा?" असं बिनधास्त शिकवलं जातं, आणि ते मला फार खुपतं. टीटीएल १ जाणाऱ्याला अडवतो, येणाऱ्याला नाही! पाच राउटरपलीकडून कोणी शेजाऱ्याचा पत्ता चोरून टीटीएल ६४ चं पॅकेट सोडलं, तर ते ५९ घेऊन पोचतं आणि तुमचा राउटर ते उघडून बघतो. दोघांमधली जोडणी, म्हणजे सत्र, जुळणार नाही, पण अशा पॅकेटांचा लोंढा आला की सीपीयू त्यातच अडकतो.

उपाय उलटा आहे आणि मला तो विलक्षण सुंदर वाटतो. इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ५०८२, साल २००७: पाठवा २५५ ने आणि येणारं तपासा. आठ बिटांत २५५ च्या वर आकडा बसत नाही, आणि वाटेतला प्रत्येक राउटर एक कमी करतो. लांबच्याला २५५ घेऊन पोचताच येत नाही. सिस्कोच्या राउटरवर शेजाऱ्याच्या (नेबर) ओळीत 'टीटीएल-सिक्युरिटी हॉप्स १' लिहिलं की एका टप्प्याची सूट धरून २५४ च्या खालचं सगळं फेकलं जातं. दोन्ही टोकांना लावा. एकाच टोकाला लावलंत तर समोरून टीटीएल १ चीच पॅकेट येत राहतात, ती फेकली जातात आणि सत्र उभं राहत नाही. त्याच शेजाऱ्यावर 'ईबीजीपी-मल्टिहॉप' (बाहेरच्या लांबच्या राउटरशी बोलू देणारी सेटिंग) असेल तर ते आधी काढा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. आणि हो, त्याच स्विचवर बसलेल्या चोराला हे अडवत नाही. त्याच्यासाठी पासवर्ड वेगळा लागतो.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर, शेजाऱ्यापुरतंच का?

अपडेट लांब पाठवायचं तर वाट आधी ठाऊक हवी, आणि वाट तर अपडेटमधूनच कळायची. शेजारी तेवढा वाटेविना गाठता येतो. शिवाय पुढचा टप्पा म्हणून उपयोगी पडतो तोच, आणि तो जिवंत आहे हेही हाकेवरूनच कळतं: ओएसपीएफमध्ये हॅलो १० सेकंदांनी, ४० सेकंद गप्प राहिला की गेला.

आयबीजीपीची, म्हणजे एकाच संस्थेच्या नेटवर्कातल्या बीजीपीची, दोन टोकं लांब असली तरी चालतात, कारण त्यांच्याखाली ओएसपीएफसारख्या कोणीतरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून वाट आधीच घातलेली असते.