जुन्या ॲम्बॅसॅडरचे परके पेडल

नागपुरातील हिंगणा एमआयडीसीजवळच्या या गॅरेजमध्ये उभी असलेली ॲम्बॅसॅडर साठच्या दशकातील आहे. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मदतीला सर्व्हो, म्हणजे पायाचा दाब वाढवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे गाडी थांबवण्याचे सारे बळ चालकाच्या पायातूनच येते. तिच्या ब्रेक पेडलचा दांडा बुशपाशी, म्हणजे तो ज्या पिनेभोवती फिरतो तिच्यावरच्या नळीपाशी, तडकला. उत्तरपाड्यातील ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबलेले असल्यामुळे जुन्या सुट्या भागांतून एक पेडल शोधून आणले गेले. ते दिसायला सारखे आहे, पण दुसऱ्याच गाडीचे आहे.

खरा फरक पुशरॉडच्या, म्हणजे पेडलचा दाब पुढे नेणाऱ्या दांडीच्या, भोकाच्या जागेत आहे. हिशेबासाठी पिनेपासून पायपट्टी तीस सेंटिमीटरवर आणि हे भोक पाच सेंटिमीटरवर धरले, तर पायाचा वीस किलोंचा दाब मास्टर सिलिंडरपाशी, म्हणजे जिथला पिस्टन ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तिथे, एकशे वीस किलोंचा होतो. तेच भोक साडेसात सेंटिमीटरवर असेल, तर तो ऐंशीवरच अडतो. सर्व्हो असलेल्या गाडीला एवढे पुरते. फसगत अशी, की असे पेडल पायाला टणक लागते, थोडेच खाली जाते, आणि टणक पेडल म्हणजे उत्तम ब्रेक हा समज गॅरेजांतून अजून गेलेला नाही.

दांडा तापवून वाकवणे किंवा जोडून वेल्डिंग करणे मिस्त्रींनी नाकारले, आणि ते योग्यच झाले. दांड्यात पुरेसे पोलाद असल्याची खात्री करून त्यांनी मूळ मापावर नवे भोक पाडले, लेथवर पितळी बुश बनवून बसवला आणि पुशरॉड सिलिंडरमध्ये तिरका न जाता सरळ जातो की नाही, हे तपासून घेतले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पुशरॉडच्या मोकळ्या चालीत. पिस्टन आणि रॉड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर फट हवी. पायाखाली ती साधारण सहा मिलिमीटर जाणवते. ती नसेल, तर पाय उचलल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र बंदच राहते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की फुगलेल्या ब्रेक ऑइलला परतीची वाट न मिळाल्यामुळे ब्रेक आपोआप लागू लागतात.

पुशरॉड पेडलला जोडणाऱ्या फोर्कच्या पिनेत, ती निसटू नये म्हणून, नवी स्प्लिट पिन घातली गेली. आता गाडी जॅकवर आहे. पेडल दाबून सोडल्यावर मिस्त्री प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहत आहेत, आणि चारही चाके मोकळी फिरल्याशिवाय ती रस्त्यावर उतरणार नाही.