काचेआडचा कोकणकडा

(दृश्य: हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई गाव. सर नुकतीच थांबली आहे. पूर्वेला इंद्रधनुष्य.)

या कमानीवरून नजर हलवू नका. लेन्सपुढे पोलरायझर आहे आणि त्याची कडी आता हळूहळू फिरते आहे. कमानीचा माथा विरला, बाजूचे दोन पाय तेवढे उरले. आणखी पाव फेरा… माथा परत आला, आधीपेक्षा गडद, आणि आता पाय फिकटले. पुढे संगणकावर यात काहीही केलेलं नाही. पावसाच्या थेंबात शिरून परतलेला प्रकाश बहुतेक सगळा एकाच दिशेने, कमानीच्या वळणाला धरून, कंप पावत असतो. ती दिशा अडवायची की सोडायची, एवढंच ही काच ठरवते.

(दृश्य: कॅल्साइटचा स्फटिक, त्याखाली एका रेघेच्या दोन रेघा.)

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही एका सूर्यास्ताला. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालुस हा फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. खिडक्यांच्या काचांवर मावळतं ऊन चमकत होतं आणि त्याच्या हातात असाच एक स्फटिक होता. एरवी त्यातून प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवताना मात्र त्या उन्हाची एक प्रतिमा मंदावू लागली. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश साधा राहिला नव्हता. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातही पोकळ्या फुटल्या की कॅल्साइटचे स्फटिक मिळतात, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढे १९२९ च्या सुमाराला एडविन लँड या अमेरिकन तरुणाने असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने लावून त्यांचा पातळ पडदा बनवला, आणि पोलरायझर छायाचित्रकाराच्या झोळीत आला.

(दृश्य: हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पुष्करणी.)

गडावर दुपार कलली आहे. पुष्करणीच्या पाण्यावर फक्त आभाळ दिसतंय, पांढरंफटक. कडी फिरली, आभाळ पुसलं गेलं आणि पायऱ्या पाण्याखाली उतरत गेल्या. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं, तर हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो. म्हणून कॅमेरा दोन वेळा खाली घ्यावा लागला.

आणि हे कारवीचं एकच पान. ओलं. डावीकडे काचेविना: पानावर चांदीसारखी चकाकी. उजवीकडे काचेतून: शिरान् शीर हिरवी. ज्या मावशी गडावर आम्हाला जेवू घालतात, त्यांनी फिल्टर मागून घेतला, डोळ्याला लावला, फिरवला. पुन्हा फिरवला.

(दृश्य: कोकणकडा, उत्तरेचं टोक.)

१४२४ मीटर उंचीचा हा गड पश्चिमेला एकदम तुटतो. कडा सरळ नाही, वाटीसारखा आत वळलेला आहे. म्हणून इथे दोन वेगळे फोटो आहेत आणि दोघांना दोन वेगळ्या काचा लागतात.

पहिला या टोकावरून. समोर कड्याची दुसरी बाजू, सूर्य उजव्या खांद्याला. हाताची अशी बंदूक करा. तर्जनी सूर्यावर रोखा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल, तिथलं आकाश काचेला सर्वांत जास्त दाद देतं. समोरचा निळा रंग गडद झाला, ढग पुढे आले, ओला कातळ काळाभोर झाला. या काचेपायी दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा), तेव्हा ट्रायपॉड हवाच. फार रुंद लेन्सला मात्र ती लावू नये. १६ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने घेतलेल्या या फ्रेममध्ये आकाशात मध्येच शाईचा डाग सांडल्यासारखं झालंय.

(दृश्य: कड्याच्या मधोमध, कॅमेरा गवतापाशी.)

आता तोंड सूर्याकडे. इथे पोलरायझर उतरवला. सोनकीच्या पिवळ्या फुलांवर प्रकाश मोजणारा मीटर सांगतो, शटर एक पंधरांश सेकंद उघडं ठेवा; आकाशावर एक अडीचशांश. चार स्टॉपांची तफावत. फुलं धरली तर आकाश पांढरंफटक होतं, आकाश धरलं तर फुलांचा कोळसा.

म्हणून ही दुसरी काच. वर करडी, खाली नितळ: ग्रॅड. ही तीन स्टॉपांची आहे. चारातले तीन कमी केले, एक ठेवला, कारण आकाश जमिनीपेक्षा उजळच असतं आणि तसंच दिसायला हवं. समुद्रावर क्षितिजाची रेघ सरळ, तिथे कडक धारेची ग्रॅड चालते. इथे कड्याची कड वरखाली जाते, म्हणून मऊ धारेची. बोट पाहा. काच होल्डरच्या खाचेतून केसभर खाली, पुन्हा केसभर वर. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र एफ ११ इतकं बारीक करून पाहिलं की धार नेमकी कुठे बसली ते दिसतं. दरीतून धुकं चढतंय, काचेवर बारीक थेंब बसतात. दर फोटोआधी पुसायची.

नंतर संगणकावर आकाश उतरवता येतं, दोन फ्रेम जोडताही येतात. पण वाऱ्यावरची ही सोनकी दोन फ्रेममध्ये दोन जागी असते. आणि चकाकीने झाकलेला पानाचा हिरवा रंग कॅमेऱ्यात उतरलाच नसेल, तर तो मागाहून आणायचा कुठून? जागेवर उभं राहून, उजेड पाहून, हाताने घेतलेला निर्णय त्या फोटोत राहतो.

काठावरची बरीच सोनकी तंबूंखाली आणि आमच्यासारख्यांच्या ट्रायपॉडखाली आडवी झाली आहे.

(दृश्य: सूर्य कोकणावरच्या धुरकटात.)

क्षितिजाला टेकण्याआधीच बिंब विरघळलं. पुन्हा मीटर. तफावत तीनवर आली. तीनची काच काढली, दोनची घातली. शटर दोन सेकंद.

वारा पडेपर्यंत थांबलो.

(शटरचा आवाज.)