काळ की काल?

पडद्यावर एक शब्द उमटतो : काळ. मराठी शिकणारं कुणीतरी तो वाचतं. आपल्याला ऐकू येतं, ‘काल’.

आपला कान अडखळतो. उच्चार तपासणाऱ्या यंत्राचं काय?

यंत्र आधी आवाजाचे काप करतं. 25 मिलिसेकंदांच्या आसपासचा एक काप, ज्याला तंत्रज्ञ फ्रेम म्हणतात. आणि दर 10 मिलिसेकंदांनी नवा. शब्द कोणता म्हणायचा होता, हे त्याला ठाऊकच असतं. म्हणून ‘क’, ‘आ’, ‘ळ’ याच क्रमाने ते सगळे काप वाटून टाकतं. ‘ळ’च्या वाट्याला काहीतरी येणारच. मध्येच कुणी खोकलं, तरी तो खोकलाही कुठल्या ना कुठल्या ध्वनीच्या पदरात पडतो!

आता हिशोब. या कापांत ‘ळ’ असणं कितपत संभवतं? आणि सगळ्या ध्वनींमधला जो इथे सर्वांत चपखल बसतो, तो कितपत? दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा, कापांच्या संख्येने भागायचा. ‘ळ’च सरस ठरला, तर उत्तर शून्य. ‘ल’ पुढे गेला, की उणे. केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी ही मोजणी मांडली; त्यांचा शोधनिबंध 2000 सालचा. तेव्हा मुळाशी हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे ध्वनींच्या संभाव्यतेचं एक गणिती प्रारूप होतं. आज बहुधा न्यूरल नेटवर्क असतं, पण तुलना तीच.

किती उणे म्हणजे चूक, हे मात्र माणसांच्या कानांवरून ठरतं. 2021 साली खुला झालेला ‘स्पीचओशन762’ हा ध्वनिमुद्रणांचा संग्रह घ्या. मँडरिन मातृभाषा असलेले 250 जण, इंग्रजीतली 5000 वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याला पाच तज्ज्ञांचे गुण. त्या पाचांचंही दर वेळी जुळत नाही.

मराठीत आणखी एक गोम आहे. ‘चार’ म्हणून पाहा. आता ‘चाक’. अक्षर एकच, उच्चार दोन. यंत्राच्या उच्चारकोशात हा फरक नोंदवलेला नसेल, तर ‘चाक’मधला ‘च’ ‘चार’सारखा म्हणणाऱ्यालाही पैकीच्या पैकी!

उलटही घडतं. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. यंत्राने शिकताना वऱ्हाडी आवाज ऐकलेच नसतील, तर जन्मापासून मराठी बोलणाऱ्याच्या ‘डोया’लाही ते उणे गुण देतं.