उत्तर कुणासाठी लिहायचं?

(वरूड तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर शाळेतले गुरुजी दिसतात, सेवा केंद्र चालवणारी पोरं दिसतात, संत्र्याची तोडाई सोडून आलेले दोन-चार जणही आहेत. त्यामुळे विंडोजऐवजी मशीनवर फुकट टाकता येणारं लिनक्स म्हणजे काय, यावर जास्त वेळ घालवत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 बऱ्याच जुन्या मशीनला चालत नाही. मग तुमच्यातल्या कितीतरी जणांनी जुन्या डब्यावर मिंट नाहीतर उबुंटू, ही लिनक्सचीच दोन रूपं, त्यांतलं एक टाकलं. टाकणं सोपं असतं. पंचाईत होते ती पहिल्यांदा काही बंद पडतं तेव्हा.

आता मदतीचा तोटा आहे, असं मी म्हणणार नाही. जगभरातली माणसं स्वतःची झोप मोडून, एक पैसा न घेता ऑनलाइन उत्तरं देतात. त्यांना नावं ठेवायला मी आलेलो नाही. पण ही मदत ज्या पद्धतीनं मांडलेली असते, ती बदलायला हवी, आणि ते आपण बोललं पाहिजे. ऑगस्ट 1991 मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या कामाची पहिली बातमी दिली, तेव्हा त्यानंच लोकांना विचारलं होतं की तुम्हाला कोणत्या सोयी हव्यात. तेव्हा सूचना करणं म्हणजे आगाऊपणा नाही. ती या घराची रीतच आहे.

माझं मुख्य म्हणणं असं. प्रश्न विचारणारा एक असतो, पण ते उत्तर वाचणारे पुढची दहा वर्षं येत राहतात. आजची सगळी रचना त्या एका विचारणाऱ्यापुरती आहे.

आधी विचारण्याचं घेऊ. कृषी केंद्रात जाऊन कुणी नुसतं 'पऱ्हाटीवर लाल्या आला, काय मारू?' म्हटलं, तर जाणता दुकानदार लगेच बाटली काढत नाही. कोणतं वाण, किती दिवसांचं पीक, जमीन हलकी की भारी, पाणी साचलं होतं का, हे आधी विचारतो. लिनक्सच्या मदतीतही हेच विचारावं लागतं, पण तिथं त्यात दिवस जातात. 'वायफाय चालत नाही' असं कुणी लिहितं. कोणतं लिनक्स? मिंट. कितवं? माहीत नाही. वायफायचं कार्ड रिअलटेक कंपनीचं की ब्रॉडकॉमचं? ते कुठं बघायचं? तोवर विचारणारा कंटाळून पुन्हा विंडोज टाकून मोकळा झालेला असतो. इथल्याच एका पोरानं मला विचारलं, 'सर, मले जर कार्डाचं नाव माईत असतं, तर मी विचारलं काहून असतं?' मला यावर उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

ही चौकशी माणसानं करूच नये, यंत्रानं करावी. मिंटमध्ये 'सिस्टिम रिपोर्ट्स' नावाचं साधन आहे, ते मशीनची सगळी माहिती एका जागी काढून देतं. इतर लिनक्सांवर त्यासाठी 'इन्क्सी' ही टाइप करून द्यायची आज्ञा आहे. तिला झेड हा पर्याय जोडला की नेटवर्क कार्डाच्या पत्त्यासारखी खाजगी माहिती झाकली जाते. प्रश्न टाकायच्या जागेनं आधी हा अहवाल मागावा, मग प्रश्न. उत्तर देणाऱ्याचे निम्मे श्रम तिथंच वाचतील.

आता तुम्ही म्हणाल, नेटच बंद आहे तर अहवाल पाठवायचा कसा? बरोबर आहे. ही अडचण शहरातल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही, त्याच्या घरी दुसरा लॅपटॉप असतो. तात्पुरता उपाय सांगतो. मोबाइल वायरनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट वायरीतून मशीनला मिळतं. मिंट-उबुंटूवर बहुतेक वेळा काहीही न टाकता नेट सुरू होतं. ते जमलं नाही की लोक काय करतात? स्क्रीनचा तिरपा फोटो काढतात. अर्धा ट्यूबलाइट, अर्धी अक्षरं. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही, आणि ज्याची रेंज गच्चीवरच येते त्याला तो उघडताना घाम फुटतो.

म्हणून माझी सूचना: अहवाल क्यूआर कोडच्या रूपात स्क्रीनवर दाखवायची सोय हवी. मोबाइलनं टिपायचा, मजकूर थेट प्रश्नात. मोठ्यात मोठ्या क्यूआरमध्ये 2,953 बाइट मावतात. आटोपशीर अहवालाला तेवढे पुरतात. ही काही हवेतली कल्पना नाही. नोव्हेंबर 2024 च्या 6.12 कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, यंत्रणा कोसळली की त्या क्षणाची नोंद क्यूआरमधून दाखवायची सोय आलीच आहे. कोसळताना जे जमतं, ते धडधाकट असताना का जमू नये?

दुसरी गोष्ट, उत्तराचं वय. उबुंटू आणि डेबियन हे आणखी एक लिनक्स, दोघंही 2015 मध्ये सिस्टिमडीवर गेले, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्या सेवा सुरू करायची त्यांची व्यवस्थाच बदलली. त्याआधीची उत्तरं आजही शोधात वर येतात, आणि दिसायला ठणठणीत असतात. एक जुना सल्ला असा, की ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरात 'इंटरफेसेस' नावाची फाइल आहे, तिच्यात तुमच्या कार्डाचं नाव लिहा. आजच्या डेस्कटॉपवर तसं केलं, तर नेटची जोडणी सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर त्या कार्डाला हात लावणं बंद करतो. म्हणजे थोडंफार चालणारं नेटही गेलं. उत्तर चूक नव्हतं, शिळं होतं. प्रत्येक उत्तरावर ते कोणत्या आवृत्तीवर चालल्याचं कुणी तपासलं, हे ठळक दिसावं. आणि 'माझ्या उबुंटू 24.04 वर चाललं', 'माझ्याकडं नाही चाललं' एवढं सांगायला एकेक बटण असावं. गुण, पदकं, तारे यांत मला रस नाही.

फोल्डर उघडत नाही म्हटलं की 'सीएचमॉड 777 मारा', म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका, असं सांगणारेही भेटतात. ती आज्ञा चुकून मुळापासून सगळीकडं चालली, तर मालकाच्या अधिकारानं आज्ञा चालवणारं सुडोच काम करेनासं होतं, आणि दुरुस्तीचं दारच बंद. अशा आज्ञांवर लाल पट्टी आपोआप यावी. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

आता आपल्या लिपीचं. वायफाय, वाय-फाय, वाईफाई. शोधयंत्राला हे तीन वेगळे शब्द. त्याहून बेरकी प्रकार म्हणजे मघाची पऱ्हाटी. तिच्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एका तऱ्हेनं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं सापडेलच असं नाही. शोधण्याआधी या दोन्ही तऱ्हा एक करून घेणं हे प्रोग्रामरला जड काम नाही. पण मराठी लिहिणाऱ्यानं सांगितल्याशिवाय ते त्याला कळणार कसं?

शेवटी गुरुजींनी चिठ्ठी पाठवली आहे: 'आता यंत्रच भाषांतर करतं, मग मराठीत वेगळी मदत कशाला?' गुरुजी, भाषांतर जरूर वापरा, पण आज्ञेला आणि चूक दाखवणाऱ्या संदेशाला (एरर मेसेजला) त्याचा हात लागू देऊ नका. भाषांतरात जोडरेघेची लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्ह गोल होतं, इंग्रजी 1 चा देवनागरी १ होतो. माणूस ते खपवून घेतो, आज्ञा टाइप करायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, घेत नाही. म्हणून आज्ञा चौकटीत ठेवावी आणि भाषांतर करणाऱ्या यंत्राला त्या चौकटीत शिरायची मनाई असावी. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा इंग्रजीत हवा, म्हणजे तो जगात कुठंही शोधता येईल. त्याखाली, तो का आला आणि आता काय करायचं, हे मराठीत लिहावं. ते लिहायला इथल्या सेवा केंद्रातली पोरं पुरेशी आहेत. रोज दहा जणांना तोंडानं तेच समजावतात.